डब्यातली पानं

— नाही, दारात उभं राहून नको, आत या भाऊजी. चपला राहू द्या पायात, फरशी पुसायचीच आहे मला. हे नाहीत घरात. सकाळीच गेले डेपोत, मेडिकलचं बोलावणं होतं ना — तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माझ्याआधी कळलं असेल. बसा. त्या स्टुलावर बसा, खुर्चीचा पाय हलतो. आणि माझे हात चालूच राहतील, तेवढं चालवून घ्या, कारण हे आता कधीही येतील, आणि आले की समोर जेवण पाहिजे. काल संध्याकाळपासून पोटात काही नाही. ताट तसंच सरकवून उठले. ताट म्हणजे आपलं म्हणायचं — आमच्याकडे आता ताट नाही, वाडगा. तो मोठा, ओट्यावरचा. सॅलड. हे म्हणतात शेळीचं खाणं. म्हणेनात का. शेळीला कधी हार्ट अटॅक आलेला ऐकलाय तुम्ही?

हसला नाहीत. एरवी हसता माझ्या असल्या बोलण्यावर. शर्टाचं वरचं बटण कुठं गेलं? — हो, ऐकलं. ऐकलं मी. डेपोच्या गेटपाशी, सगळ्यांसमोर ह्यांनी तुमची कॉलर धरली. ह्यांनी घरी येऊन एक अक्षर सांगितलं नाही, पण वर्कशॉपमधल्या मेकॅनिकची बायको आहे ना खालच्या मजल्यावर, तिच्या तोंडाला झाकण कुठंय. म्हणाली, तुमचे हे ओरडत होते, तूच सांगितलंस, तूच माझी गाडी काढून घेतलीस, आणि कंडक्टर आपले खाली मान घालून उभे. वाईट वाटलं मला. खोटं नाही सांगत. इतकी वर्षं एका गाडीवर — ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी म्हणजे नवरा-बायकोच्या वरताण, असं मीच म्हणायचे की. तुम्ही घंटी वाजवायच्या आधी ह्यांचा पाय ब्रेकवर. आणि आता कॉलर.

हं, म्हणजे त्यासाठीच आलात. मी समजूत घालू ह्यांची. तुम्ही सांगितलं नाही, हे मी सांगू. सांगेन, बघू, आधी येऊ तर देत. ही अंडी सोलता का जरा? नुसतं बसून माणसाचं डोकं जास्त फिरतं. गार पाण्यातच सोला, म्हणजे साल सुटून येते. ह्यांना पांढरं सगळं आणि पिवळं एकच, डॉक्टरांनी तसं बजावलंय. बाकीचे बलक मी खाते. ह्यांच्या पथ्यात माझं वजन वाढलं, काय सांगू.

सोपं नाही हे, लोकांना वाटतं चार पानं तोडली की झालं सॅलड. ते तोंडी लावायचं झालं. जेवण म्हणून करायचं तर पोट भरलं पाहिजे, माणूस तासाभरानं डबे उघडत हिंडता कामा नये. म्हणून मग हे काबुली चणे, रात्री भिजवून शिजवलेले — मऊ, पण बोटानं दाबले तरच मोडणारे. ही अंडी. काकडी, गाजर, ही लाल भोपळ्याची फोड तव्यावर भाजून घेतलेली, वर थोड्या भोपळ्याच्या बिया, कुरकुरीत. आणि लेट्यूस. लेट्यूसची पानं धुतली की कोरडी करायची, अगदी कोरडी. ह्या जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलीत बघा, तान्ह्या पोरासारखी. पानावर पाणी राहिलं की दह्याचं ड्रेसिंग घसरून तळाला जातं, आणि मग वर कोरडा पाला नि खाली ताक. पहिल्यांदा तसंच झालं होतं. ह्यांनी एक घास घेतला आणि मला विचारलं, भिंत रंगवायचा चुना उरला होता का?

पण मी सोडलं नाही. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा हे भिंतीला धरून संडासापर्यंत जायचे, भाऊजी, तुम्ही बघितलंय. ह्यांच्यासारखा माणूस, जो अख्खी बस घाटातून पाण्यासारखी खाली आणायचा. खिडकीत खुर्ची टाकून बसायचे आणि लांबून हॉर्न ऐकू आला की म्हणायचे, दुसऱ्याला दिलीय माझी गाडी, गिअर बघ कसा ओरबाडतोय. तेव्हाच मी ठरवलं होतं, ह्या माणसाला मी खायला घालून उभं करणार. दही रात्रभर फडक्यात टांगायचं. लसूण चिमूटभर मिठात ठेचायची, मीठ तेवढंच, बाकी सगळं लिंबावर भागवायचं. मोहरीची पेस्ट, मिरपूड. आणि मग तेल — थेंब थेंब सोडायचं आणि हात फिरवत राहायचं, असं, थांबायचं नाही. घाई केली की तेल वेगळं, दही वेगळं, एका घरात राहून तोंड न बघणाऱ्या माणसांसारखं. जमलं की कसं होतं बघा. चमच्याला धरून राहतं. साईसारखं, आणि साय नाही त्यात एक थेंब.

घ्या, चाखून बघा. बोटानं घ्या, काय लाजताय. — कशी आहे? — ओळखीची वाटते ना चव?

वाटणारच. अंडं ठेवा खाली, निसटेल हातातून. मी चिडलेली नाहीये. आता नाहीये. भाऊजी, मला बायको म्हणून इतकी वर्षं झाली, डबा कोणी खाल्लाय ते मला कळत नाही? हे डब्यात निदान एक काकडी तरी मागे ठेवणार, लहानपणापासूनची खोड आहे, सासूबाई सांगायच्या. आणि हे पुन्हा गाडीवर जायला लागल्यापासून माझा डबा यायचा चाटूनपुसून, ड्रेसिंगच्या बाटलीला पण आतून बोट फिरवलेलं. मी आधी खूश. म्हटलं, लागली एकदाची गोडी. मग तुमच्याकडे बघितलं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत तुम्ही, पोट उतरलंय, जिना चढून आलात तर धाप नाही. आणि आमच्या ह्यांच्या शर्टाला तेलाचे डाग. वहिनींच्या हातचे ते तळलेले बटाट्याचे काप, ना? त्यांचा दोष नाही, त्यांनी तुमच्यासाठीच बांधून दिलेले. पथ्य माझ्या नवऱ्याचं आणि प्रकृती सुधारली तुमची. कुणाला सांगितलं तर हसून लोळतील.

मीपण हसले असते. तो घाटातला प्रकार कानावर आला नसता तर.

— कुठला म्हणजे? आता तुम्ही माझ्यासमोर कानावर हात नका ठेवू. भाजीवालीनं सांगितलं. ही पानं मी तिच्याकडूनच घेते, ती रोज सकाळी तुमच्याच गाडीनं टोपल्या घेऊन वर जाते, पुढच्या सीटवर, इंजिनाला लागून. परवाच्या बाजाराला गेले, तर लेट्यूसच्या गड्ड्या निवडता निवडता ती मला म्हणते, ताई, आता झोप होते ना नीट साहेबांची? मी म्हटलं, कसली झोप? तिला वाटलं मला माहीत असणार. ती सांगत गेली आणि मी हातात गड्डा धरून उभी. वळणावर म्हणे गाडी सरळच निघाली. कठड्याकडे. ह्यांचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं. तुम्ही तिकिटांची पेटी टाकून झेप घेतलीत, चाक ओढलंत, हँडब्रेक खेचलात. पुढचं टायर कठड्याला घासून थांबलं. मागं शाळेची सहल होती, पोरं गात होती. ती म्हणाली, ताई, पोरांचं गाणं थांबलंसुद्धा नाही, त्यांना वाटलं ड्रायव्हरकाकांनी मुद्दाम मजा केली.

ते गाणंच माझ्या डोक्यात बसलंय. कापताना, झाडताना, कुठंही. गाणं चालूच, आणि पुढं ह्यांचं डोकं खाली.

आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, जनावर आडवं आलं. डेपोत तेच सांगितलंत. भाजीवालीला म्हणालात, डुलकी लागली, बोलू नका कुठं, बिचाऱ्याची नोकरी जाईल. आणि ह्यांना पाणी पाजून, तोंडावर हबका मारून, तीच गाडी पुढं न्यायला बसवलंत. त्याच पोरांना घेऊन. मला कळतं, तुम्ही मैत्रीपायी केलंत. तुमच्या जागी मीही कदाचित — नाही. मी नसतं केलं. बघा, मी नाहीच केलं ना तसं.

— काही नाही. म्हणजे मी असते तर, असं म्हणत होते. ते गाजर द्या इकडे. डेपोत कोणी सांगितलं ते मला काय माहीत, मी आपली घरात असते. भाजीवालीनं सांगितलं असेल. एखाद्या पॅसेंजरनं सांगितलं असेल. सत्तर तोंडं असतात गाडीत. आणि कोणी का सांगेना, वाईट काय झालं? आता तपासतील, मशीन लावतील, कुठं अडकलंय ते कळेल. त्या डेपोतल्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत. घाईनं हाकलून देणाऱ्यातल्या नाहीत, नीट ऐकून घेतात. स्वतःसुद्धा हेच खातात बरं का दुपारी, टेबलावर ते बीपीचं मशीन, आणि त्याच्या शेजारी पानांचा डबा. ड्रेसिंग वेगळ्या बाटलीत, माझ्यासारखंच. मला म्हणाल्या, मी त्यात काजू भिजवून वाटते, तुम्ही दही घालता ते जास्त चांगलं, उघडून दाखवला ना त्यांनी मला —

…

चणे गार झाले असतील. चाळणीत काढते.

असे बघू नका माझ्याकडे. हो. गेले होते. कळलं ना, मग झालं. दुसऱ्या दिवशी भाजी घेतली आणि घरी नाही आले, तशीच पिशवी घेऊन डेपोत गेले. भाजी घेऊन बसले बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर, नंबर येईपर्यंत. दोनदा उठले. दोनदा परत बसले. समोरून तुमची गाडी आत आली, हे खाली उतरले, टायरला लाथ मारून हवा बघितली, तुमच्या पाठीवर थाप मारली, दोघं चहाला गेलात. हसत होतात. मी खांबाआड. माझ्याच नवऱ्यापासून लपून मी खांबाआड उभी. मग बाईंनी आत बोलावलं.

ह्यांच्याशी आधी बोलायला हवं होतं, म्हणता. बोलले नसेन का मी? भाजीवालीनं सांगितलं त्याच संध्याकाळी आडून आडून विचारलं, घाटात काही झालं का, दमायला होतं का, गाडी सोडायची का आता, डेपोत बसून करण्याचं काम मागू या का. म्हणाले, मला गाडीवरून उतरवशील त्या दिवशी तिरडी पण मागव. असं म्हटल्यावर पुढं काय बोलणार? मला भाजीवालीनं सांगितलंय, हे नाही म्हणता आलं. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर अजून थोडं वाढू का?

तुमचं नाव नाही घेतलं मी, एवढं मात्र खरं. बाईंनी विचारलं, गाडी थांबवली कोणी? मी म्हटलं, थांबली. त्या म्हणाल्या, आपोआप थांबते का बस? … घेतलं. घेतलं, भाऊजी. काय करणार होते? मला वाटलं, वाचवलं म्हणून सांगतेय, तुमचं कौतुकच होईल. जनावराचं खोटं तुम्ही सांगितलंत ते माझ्या लक्षातच आलं नाही तेव्हा. बाहेर आल्यावर आलं. आता तुम्हालाही बोलावतील, हो ना? — आलंय बोलावणं? कधी? — आणि तरी तुम्ही इथं येऊन माझ्याकडे आधी ह्यांची चौकशी केलीत. जेवले का म्हणून विचारलंत.

थांबा. कांद्यानं नाही, कांदा अजून घेतलेलाच नाही हातात. असू दे.

भाऊजी, एक मागते. रागावू नका, पूर्ण ऐकून घ्या. ह्यांना वाटतंय ना तुम्ही सांगितलं — तसंच वाटू दे. थोडे दिवस. तपासण्या होईपर्यंत, औषधं बदलेपर्यंत. तुमच्यावर चिडतील, शिव्या देतील, उद्या मिठी मारतील. पुरुषांचं असं असतं, चहाच्या टपरीवर मिटतं तुमचं. माझं नाही मिटणार. माझ्या हातचं खाणं बंद करतील. तुम्ही ओळखता ह्यांना, ज्या सावत्र भावाशी भांडले त्याच्या घरचं पाणी आजवर घेतलेलं नाही. आणि माझ्याकडे दुसरं आहे काय? मी डॉक्टर नाही, मला घाटात गाडी ओढून थांबवता येत नाही. मला हा एक वाडगा येतो. तोच सरकवून दिला तर मी काय करायचं? कशानं जगवायचं ह्या माणसाला? तुम्ही माझं अर्धं पथ्य डब्यातून खाल्लंत, भाऊजी, मी कधी बोलले नाही. एवढं घ्या अंगावर.

— बोला ना. नाही तर नाही म्हणा.

काय? … पुन्हा सांगा. गेटवर? कॉलर धरल्यावर? तुम्ही म्हणालात, मी नाही सांगितलं, घरातून कळलं असेल — म्हणजे तुम्हाला तेव्हाच शंका होती माझी. बरं. मग हे काय म्हणाले? नीट सांगा, जसं म्हणाले तसं.

“माझ्या बायकोला सांगायचं असतं तर तिनं आधी माझ्या तोंडावर सांगितलं असतं.”

असं म्हणाले? सगळ्यांसमोर?

…

आणि तुम्ही त्यावर मान खाली घातलीत. माझ्यासाठी. मेकॅनिकच्या बायकोला वाटलं अपराधी म्हणून.

ऐका, गेटचा आवाज झाला. खालचं गेट. हेच आहेत, दोन पायऱ्यांवर थांबतात ते, कठडा धरून. हल्ली असेच थांबत थांबत येतात, मला कळू देत नाहीत, किल्ल्या खुळखुळवतात की किल्ली शोधतोय. — बसून राहू नका, उठा. नाही, मागच्या दारानं नाही. तुम्ही काय चोर आहात का मागच्या दारानं जायला? पुढून जा. जिन्यात समोरासमोर याल, येऊ देत. काही बोलले तर ऐकून घ्या, आज एवढंच शेवटचं. तुम्ही काही सांगू नका. एक शब्द नाही. मी मघाशी जे मागितलं ते विसरा, मला मागायलाच नको होतं ते, माझं डोकं फिरलं होतं.

जेवल्यावर सांगू, असं आत्ता मनात आलं माझ्या. दोन घास पोटात जाऊ देत, मग सांगू. बघितलंत, किती हुशार असतं मन? जेवल्यावर सांगितलं तर ते परत तसंच झालं — फसवून खायला घालणं. नाही. आधी. वाडगा इथंच ओट्यावर राहू दे, पानं वेगळी, ड्रेसिंग वेगळं. खाल्लं तर खाल्लं. नाही खाल्लं तर उद्या परत करीन, परवा परत करीन. कधीतरी भूक लागेलच माणसाला.

आले. दार उघडंच आहे, या. — हो, भाऊजी आलेत, माझ्याकडे आलेत, तुमच्याकडे नाही. निघालेतच. तुम्ही बसा आधी, श्वास घ्या. पाणी देते. नाही, जेवण नंतर. मला तुमच्या तोंडावर काहीतरी सांगायचंय.

तुम्ही या आता, भाऊजी. दार ओढून घ्या.